ऑनलाइन घेतलेला मोबाइल खराब निघाला तर: बिलापासून ग्राहक आयोगापर्यंत

समजा, सांगलीत बसून चोवीस हजारांचा मोबाइल मागवला. माल निघाला भिवंडीच्या गोदामातून, बिल फाडलं बंगळुरूच्या एका विक्रेत्या कंपनीने, मोबाइल बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला आणि सर्व्हिस सेंटर मिरजेत चौथ्याच कुणा एजन्सीकडे. तिसऱ्या आठवड्यात फोन आपोआप बंद पडायला लागतो. मग ॲपवाले म्हणतात ब्रँडकडे जा, ब्रँड म्हणतो सर्व्हिस सेंटरला दाखवा, सर्व्हिस सेंटर म्हणतं सॉफ्टवेअर मारून दिलंय, आता चालेल. बहुतेक लोक इथेच नाद सोडतात.

खरं तर कायदा ग्राहकाच्या बाजूने बऱ्यापैकी झुकलेला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यानुसार तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या मंचात, दाखल करता येते. बंगळुरू-गुरुग्रामला जायची गरज नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. वकील लावण्याची सक्ती नाही. लागतो तो कागद, आणि त्यातला निम्म्याहून अधिक कागद पार्सल हातात आल्यापासूनच्या पंधरा-वीस दिवसांतच मिळतो. पुढचं सगळं त्या दृष्टीने वाचा. उदाहरण मोबाइलचं घेतलं असलं तरी फ्रिज, वॉशिंग मशीन, लॅपटॉप यांचा मार्ग हाच.

पार्सल दारात असताना

डिलिव्हरीवाला ओटीपी मागतो. तो सांगितला की माल बरोबर मिळाला, अशी नोंद होते. 'ओपन बॉक्स' डिलिव्हरी असेल तर खोका त्याच्यासमोर उघडून, फोन सुरू करून, मगच ओटीपी द्यायचा. त्याला घाई असते, पण त्याच्या घाईपायी तुमचा पुरावा जायला नको. साधी डिलिव्हरी असेल आणि खोका चेपलेला किंवा टेप दुसऱ्यांदा लावलेली दिसली तर फोटो काढा आणि माल नाकारा.

खोका उघडतानाचा व्हिडिओ हवाच, असं ग्राहक कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. तरीही तो काढा. खोक्यात साबणाची वडी निघाली, या वादात दुसरा पुरावा सहसा नसतोच. व्हिडिओ एकसंध हवा: आधी न कापलेली टेप आणि पत्त्याचं लेबल, मग कापणं, मग आतल्या खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), शेवटी फोन सुरू करून *#०६# डायल केल्यावर पडद्यावर येणारा क्रमांक. मध्ये कट असला की व्हिडिओची किंमत निम्म्यावर येते.

आयएमईआय तीन ठिकाणी जुळला पाहिजे: खोका, फोन आणि बिल. त्याच वेळी आणखी दोन गोष्टी तपासा. एक, 'केवायएम' लिहून, जागा सोडून आयएमईआय टाकून १४४२२ वर एसएमएस करा. फोन कुठल्या कंपनीचा, कुठल्या मॉडेलचा म्हणून नोंदला आहे ते कळतं. दुसरं, ब्रँडच्या संकेतस्थळावर वॉरंटीची तारीख बघा. वॉरंटी तुमच्या खरेदीच्या आधीपासून सुरू झालेली दिसली तर फोन आधी कुणीतरी चालू केलेला आहे. नवा म्हणून वापरलेला फोन गळ्यात मारल्याचं हे सर्वांत सोपं लक्षण, आणि ते परतीच्या मुदतीत सापडलं तरच त्याचा पटकन उपयोग होतो.

खोका टाकू नका. पॅक केलेल्या मालावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव, पत्ता, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापणं वैध मापन शास्त्राच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पुढे नोटीस कुणाला पाठवायची, याचं उत्तर त्या लेबलावर असतं.

बिलाची पीडीएफ त्याच दिवशी उतरवून स्वतःच्या ई-मेलवर पाठवा. त्यावर विक्रेत्याचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक असतो. बिल ॲपच्या नावाचं नसून विक्रेत्याच्या नावाचं असतं, हे अनेकांच्या पहिल्यांदा लक्षात येतं ते थेट आयोगात. वस्तूच्या पानाचाही स्क्रीनशॉट ठेवा: किती दिवसांत बदलून मिळेल, वॉरंटी किती, फोनमध्ये काय काय आहे असा दावा. ही पानं महिन्याभरात बदलतात. बिल भरतानाच्या शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉटही असू द्या. न विचारता टाकलेला 'प्रोटेक्शन प्लॅन' तिथेच सापडतो. असं गुपचूप टोपलीत माल सरकवणं हा ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदलेल्या १३ फसव्या क्लृप्त्यांपैकी एक आहे.

परतीची मुदत

सात किंवा दहा दिवसांची 'रिटर्न विंडो' ही ॲपची सोय आहे. कायद्याची मुदत नाही. आयोगात तक्रार करायला कायद्याची मुदत दोन वर्षांची. पण सोय हातात असताना ती वापरणं शहाणपणाचं, कारण त्या काळात पैसे परत मिळायला चार दिवस लागतात आणि नंतर कधीकधी चार वर्षं.

इथे नेहमी एक गोष्ट बिघडते. सहाव्या दिवशी तक्रार केली की ॲप 'तंत्रज्ञ भेट' ठरवतं. तंत्रज्ञ आठव्या-नवव्या दिवशी येतो किंवा फोनवरूनच 'रिसेट करून बघा' सांगतो. तोवर परतीचं बटण गायब. म्हणून तंत्रज्ञाची वाट बघत असतानाच ॲपच्या चॅटमध्ये किंवा ई-मेलवर एक स्पष्ट वाक्य लिहून ठेवायचं: 'वस्तू सदोष असून मी आज, मुदतीच्या आत, परतावा मागत आहे.' चॅट बंद करण्याआधी त्याची प्रत घ्या. फोनवर बोलणं झालं असेल तर पाच मिनिटांत तेच ई-मेलने पाठवा: अमुक वेळी तुमच्या प्रतिनिधीने असं असं सांगितलं. तोंडी आश्वासनाला आयोगात कुणी विचारत नाही.

परतीची मुदत उलटली तरी हातपाय गाळू नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा. हे नाव पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, 'ग्रीव्हन्स ऑफिसर' म्हणून असतं. कस्टमर केअरच्या चॅटबॉटला दहा वेळा लिहिण्यापेक्षा या पत्त्यावर एक ई-मेल जास्त कामाचा. विषयात ऑर्डर क्रमांक. मजकुरात खरेदीची तारीख, दोष, आजवर केलेल्या तक्रारींचे क्रमांक आणि नेमकी मागणी. चार ओळी पुरतात. राग काढायचाच असेल तर तो मसुद्यात काढा आणि पाठवण्याआधी पुसा, कारण हाच ई-मेल पुढे न्यायाधीशांसमोर जाणार आहे.

याच नियमांनुसार वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. दुकानातून घेतली असली तरी तत्त्व हेच. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर छापलेल्या मुदतीत, आणि मुदत छापली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे न देणं ही कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

एक सावधगिरी इथेच. ग्राहक सेवेचा नंबर गुगलवर शोधून फिरवू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. एक्सवर कंपनीला टॅग करून ऑर्डर क्रमांक आणि मोबाइल नंबर जाहीर टाकला की तासाभरात 'रिफंड विभागातून' फोन येतो. स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्या म्हणाला, किंवा पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन टाका म्हणाला, की तो चोर. पैसे घ्यायला पिन लागत नाही. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला कळवणं. इथे मिनिटं मोजली जातात.

सर्व्हिस सेंटर: जॉबशीट नीट वाचा

जॉबशीट म्हणजे फोन दुरुस्तीला जमा करताना मिळणारी नोंद-पावती. सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित कागद हाच. काउंटरवरचा मुलगा संगणकावर पटापट टाइप करतो आणि 'इथे सही करा' म्हणतो. सही करण्याआधी चार रकाने बघा.

पहिला, ग्राहकाने सांगितलेला दोष. तुम्ही सांगितलं 'फोन दिवसातून पाच-सहा वेळा आपोआप बंद पडतो, गरम होतो, चार्जिंगला लावल्याशिवाय सुरू होत नाही.' तो लिहितो 'हँग'. दुरुस्त करून घ्या. दुसरा, वस्तूची स्थिती. तिथे सवयीने 'स्क्रॅच', 'डेंट' किंवा 'लिक्विड' टाकलेलं असतं. पुढे 'ग्राहकाने पाडला' किंवा 'पाणी गेलं' म्हणून वॉरंटी नाकारली जाते ती याच शब्दावर. ओरखडा नसेल तर तो शब्द काढायला लावा आणि काउंटरवरच फोनचे सहा बाजूंनी फोटो काढा. तिसरा, आत येण्याची आणि बाहेर जाण्याची तारीख. फोन किती दिवस तुमच्याकडे नव्हता ते यातून सिद्ध होतं. चौथा, केलेलं काम. 'सॉफ्टवेअर अपडेट' लिहिलंय की 'मदरबोर्ड बदलला', यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. महिन्याभरात बोर्ड बदलावा लागला, म्हणजे दोष मुळातलाच होता असा युक्तिवाद उभा राहतो.

जॉबशीट देत नसतील तर फोन देऊ नका. व्हॉट्सॲपवर किंवा ई-मेलवर पाठवतो म्हणाले तर ती येईपर्यंत तिथेच थांबा. दर खेपेला नवी जॉबशीट हवी. एकाच दोषाच्या तीन जॉबशीट हा तज्ज्ञाच्या अहवालाखालोखाल सर्वांत मजबूत पुरावा असतो.

जाण्याआधी दोषाचा व्हिडिओ काढा, दुसऱ्या फोनने, तारीख-वेळ दिसेल असा. मधूनमधून येणारा दोष काउंटरवर नेमका दिसत नाही, आणि शेरा पडतो 'दोष आढळला नाही'. आधी फॅक्टरी रिसेट करून मग व्हिडिओ काढू म्हणाल तर कधीकधी दोन दिवस दोष गायब होतो. क्रम पाळा: व्हिडिओ, बॅकअप, मग रिसेट.

रिसेट मात्र टाळू नका. फोटो, बँकेची ॲप, व्हॉट्सॲप यांच्यासकट फोन अनोळखी माणसाच्या टेबलावर आठवडाभर ठेवणं बरं नव्हे. सिम आणि मेमरी कार्ड काढा. आधी सेटिंगमधून गुगल खातं काढा आणि मग रिसेट करा; उलटं केलं तर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो. आयफोनला 'फाइंड माय' बंद करावं लागतं. 'टेस्टिंगसाठी पासवर्ड लागेल' म्हणून स्क्रीन लॉक कागदावर लिहून मागतात. रिसेट केलेल्या फोनला पासवर्डच नसतो, तेव्हा तो प्रश्नच मिटतो. फोन चालूच होत नसेल तर दुसऱ्या यंत्रावरून खात्यातून लॉगआउट करा. सॅमसंग, पिक्सेल अशा काही फोनांत दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो, त्यात तुमचा डेटा बंद राहतो आणि चाचण्या होतात. असेल तर तो लावा.

आणि मधल्या काळात गल्लीतल्या दुकानात फोन उघडू नका. कितीही भरवशाचा कारागीर असो, सील तुटलं की वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं.

१९१५

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. ८८००००१९१५ या नंबरवर व्हॉट्सॲपनेही तक्रार घेतात, संकेतस्थळ वेगळं आहेच. तक्रार क्रमांक जपून ठेवा. हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती तुमची तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर पोचवते, इतकंच. मोठ्या कंपन्यांशी तिचं थेट जोडकाम असल्याने अनेक प्रकरणं इथेच मिटतात. आठशे रुपयांच्या हेडफोनसाठी तर यापुढे जाण्यात अर्थ नाही असं आमचं मत. लहान, ठावठिकाणा नसलेल्या विक्रेत्यासमोर मात्र ती हतबल असते.

हेल्पलाइनवर तक्रार पडून असली तरी दोन वर्षांची मुदत थांबत नाही. नोटीस पाठवल्यानेही थांबत नाही. मुदत पहिला दोष दिसला त्या तारखेपासून धरून चाला आणि सहा महिने हातात ठेवून आयोगात जा. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज सबळ कारणासह जोडता येतो, पण ते मान्य करणं आयोगाच्या हातात.

क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर याच टप्प्यावर बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याचा, अर्ज टाका. त्याची मुदत कमी असते.

नोटीस

कायद्यात नोटिशीची सक्ती नाही, पण ती पाठवलेली असली की कंपनीला 'आम्हाला संधीच दिली नाही' म्हणता येत नाही. वकिलाचं लेटरहेड नको. साध्या कागदावर चालते. मजकूर असा काहीसा:

'मी दिनांक … रोजी आपल्या संकेतस्थळावरून ऑर्डर क्र. … अन्वये रु. २४,०००/- किमतीचा … मोबाइल, आयएमईआय …, खरेदी केला. दि. … पासून तो आपोआप बंद पडतो. दि. …, … व … रोजी अधिकृत सेवा केंद्रात दिला असता (जॉबशीट क्र. …) दोष दूर झाला नाही. सबब ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत मोबाइलची पूर्ण किंमत परत करावी, अन्यथा मी ग्राहक आयोगात दाद मागेन व त्याच्या खर्चाची जबाबदारी आपली राहील.'

ही तिघांना पाठवा: विक्रेता, ॲप चालवणारी कंपनी, उत्पादक. वॉरंटी वाढवण्याचा वेगळा प्लॅन घेतला असेल तर त्या कंपनीलाही, कारण तो स्वतंत्र करार असतो. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडतो. रजिस्टर्ड एडी आता पूर्वीच्या रूपात नाही. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. काउंटरवर स्पीड पोस्ट 'नोंदणीसह' आणि पोच हवी, असं स्पष्ट सांगा. पावती आणि ट्रॅकिंगचं पान छापून ठेवा. जोडीला ई-मेलही.

तक्रार लिहिताना

कुठल्या आयोगात जायचं हे दिलेल्या पैशावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. पन्नास लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय. म्हणजे मोबाइलसाठी जिल्हाच. मुंबईत एकाहून जास्त आयोग आहेत, तेव्हा तुमचा पत्ता कुणाच्या हद्दीत येतो ते आधी बघा; गोव्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन.

ॲपच्या अटींत 'सर्व वाद फक्त बंगळुरूच्या न्यायालयात' किंवा 'लवादाकडे' असं लिहिलेलं असतं. घाबरायचं कारण नाही. कलम ३४ ग्राहकाला त्याच्या जिल्ह्यात येऊ देतं, आणि लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात २०१८ सालीच मान्य केलं आहे.

ग्राहक कोण, याचीही व्याख्या सैल आहे. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. मुलाने अमेरिकेतून ऑर्डर करून साताऱ्याच्या आईला फोन पाठवला, तर आई तक्रारदार होऊ शकते. मुलाचं बिल आणि त्याचं दोन ओळींचं पत्र जोडायचं. धंद्यासाठी घेतलेली वस्तू बाहेर पडते, पण स्वतःचं पोट भरण्यासाठी स्वयंरोजगाराला घेतली असेल तर चालते. झेरॉक्सवाल्याने स्वतः चालवायला मशीन घेतलं असेल, तर तक्रारीत 'उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगार म्हणून' हे शब्द पहिल्याच परिच्छेदात हवेत. ते नसले की सामनेवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचा, पहिला आक्षेप तोच येतो.

तक्रार मराठीत लिहिता येते आणि जिल्हा आयोगांचे निकालही मराठीत येतात. चार-पाच पानं भरपूर झाली. रचना साधी ठेवा: तक्रारदाराचं नाव-पत्ता; सामनेवाले क्रमांक १, २, ३ (काही जिल्ह्यांत गैरअर्जदार, काही ठिकाणी जाबदार म्हणतात); क्रमांक टाकलेल्या परिच्छेदांत तारीखवार हकिकत, प्रत्येक वाक्यासमोर कागदाचा क्रमांक; सेवेतली त्रुटी कोणती; हा आयोग का चालेल; मुदतीत कसं आहे; आणि शेवटी विनंती.

विनंतीचं कलम घाईत लिहिलं जातं आणि तिथेच नुकसान होतं. मागितलेलं नसेल ते सहसा मिळत नाही. किमान एवढं मागा: सामनेवाले १ ते ३ यांनी वैयक्तिक व संयुक्तपणे रु. २४,०००/- घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) न कापता परत द्यावेत, त्यावर खरेदीच्या तारखेपासून व्याज, मानसिक व शारीरिक त्रासापोटी रक्कम, तक्रारीचा खर्च. 'वैयक्तिक व संयुक्तपणे' हे शब्द गाळू नका, नाहीतर वसुलीच्या वेळी तिघे पुन्हा एकमेकांकडे बोट दाखवतील. व्याज साधारण सहा ते नऊ टक्क्यांच्या घरात मंजूर होतं. चोवीस हजारांच्या फोनला पाच लाखांची नुकसानभरपाई मागितली तर फायदा काही होत नाही, उलट बाकीच्या खऱ्या मागणीचं वजन कमी होतं. पाच-दहा हजार त्रासापोटी, तेवढाच खर्च, इतकं पटण्यासारखं.

तक्रारीसोबत नोटरीपुढे केलेलं शपथपत्र लागतं. कागदांच्या प्रत्येक प्रतीवर 'खरी नक्कल' लिहून सही. स्क्रीनशॉट, चॅट आणि व्हिडिओ यांच्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलं तर उत्तम. आयोग पुराव्याच्या बाबतीत न्यायालयाइतका काटेकोर नसतो, पण समोरचा वकील हरकत घेऊन एक तारीख खाणार हे ठरलेलं.

ई-जागृतीवर दाखल करणं

आधीचं ई-दाखिल आता मागे पडलं. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती हे पोर्टल आलं आहे. मोबाइल आणि ई-मेलवर ओटीपी घेऊन खातं उघडतं. कागद पीडीएफमध्ये, वेगवेगळ्या फाइलींत तयार ठेवा: अनुक्रमणिका, तारखांची यादी, तक्रार, शपथपत्र, पुरावे. पानांना सलग क्रमांक द्या. मोबाइलने काढलेले तिरपे, सावली पडलेले फोटो हे तक्रार परत येण्याचं नेहमीचं कारण. स्कॅनर ॲप वापरा किंवा सरळ सायबर कॅफेत स्कॅन करून घ्या. दाखल केल्यावर छाननी होते आणि त्रुटी असतील तर पोर्टलवर दिसतात. एसएमएसच्या भरवशावर राहू नका, आठवड्यातून एकदा आत जाऊन बघा. काही आयोगांची कार्यालयं छापील संचही मागतात, तो सामनेवाल्यांच्या संख्येप्रमाणे तयार असलेला बरा.

दाखल झाल्यावर

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे सर्वसाधारणपणे २१ दिवसांत ठरायचं असतं. मग सामनेवाल्यांना नोटीस जाते. लेखी जबाबासाठी त्यांना ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एकही दिवस नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध हिल्ली मल्टिपर्पज प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणून नोटीस बजावल्याची तारीख ट्रॅकिंगवरून स्वतः लिहून ठेवा. ४५ दिवस उलटून जबाब आला तर 'जबाब नोंदीस घेऊ नये' असा अर्ज त्याच तारखेला द्या. हे काम आयोग आपणहून करेलच असं नाही.

जबाबात ठरलेले तीन मुद्दे येतात. ॲप म्हणतं आम्ही फक्त मध्यस्थ. त्यावर ई-कॉमर्स नियम आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलेला, अनुत्तरित ई-मेल दाखवा. विक्रेता म्हणतो वॉरंटी उत्पादकाची. त्यावर सदोष माल परत घेण्याची विक्रेत्याची जबाबदारी. उत्पादक म्हणतो उत्पादन दोषाचा तज्ज्ञ पुरावा नाही. हा तिसरा आक्षेप खरा धोकादायक, कितीतरी तक्रारी याच मुद्द्यावर फेटाळल्या जातात. त्याला दोन उत्तरं: एकाच दोषाच्या अनेक जॉबशीट, आणि कलम ३८(२) खाली वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याचा अर्ज. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते. फोन दुरुस्त होऊन पूर्ण चालू असेल तर ही लढाई अवघड आहे, हे आधीच ओळखून किंमत परत मागण्यापेक्षा त्रास आणि खर्चावर भर द्यावा.

सुनावणीला दर तारखेला हजर राहा. दोन-तीन वेळा गैरहजर राहिलात तर तक्रार निकाली निघू शकते. नोकरीमुळे जमत नसेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणीचा अर्ज करता येतो. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर नाकारण्याआधी आकडा ऐका. कायद्यात तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच, असं लिहिलंय. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट वेळ लागतो. वर्षभरानंतर पूर्ण किंमत मिळण्यापेक्षा आज किंमत आणि थोडा खर्च मिळत असेल तर तो सौदा वाईट नसतो. तडजोड लेखी, रक्कम जमा झाल्यावरच तक्रार मागे.

निकाल तुमच्या बाजूने लागला तर समोरच्याला राज्य आयोगात अपिलाला ४५ दिवस असतात, आणि त्यासाठी हुकुमातल्या रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. छोट्या प्रकरणात कंपन्या बहुधा अपिलात जात नाहीत, नुसत्या गप्प बसतात. मग त्याच आयोगात दरखास्त दाखल करायची: कलम ७१ खाली रकमेची वसुली, कलम ७२ खाली आदेश न पाळल्याबद्दल शिक्षा. कलम ७२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड आहे, आणि या कलमाखालचं समन्स गेलं की पैसे जमा होण्याचा वेग आश्चर्यकारक वाढतो.

हुकुमात 'तक्रारदाराने मोबाइल परत करावा' असं वाक्य बहुतेक वेळा असतं. फोन पाठवताना तो पुन्हा एकदा पुसा, आयएमईआय दिसेल असा फोटो काढा, आणि पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. कुरिअरने पाठवत असाल तर वजनाची पावतीही सोबत ठेवा.